मेंढीच्या कातरीला यंत्र जोडणारा माणूस : फ्रेडरिक वुल्सली

धनगराचा वाडा रानात उतरला आणि लोकर कातरायचे दिवस आले, की काय चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मेंढी धरायची, खाली पाडायची, पाय बांधायचे आणि लोखंडी कातर चालवायची. दहा-वीस मेंढ्या झाल्या की कातरणाऱ्याचा अंगठा सुजतो, मनगट भरून येतं. मेंढी हलली तर कातडी कापली जाते. जखमेवर माशी बसली आणि लक्ष राहिलं नाही, तर पुढे किडे पडतात. आपली दख्खनी मेंढी वर्षाकाठी जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास लोकर देते. त्यामुळे हे काम कसंबसं हातानं उरकलं जातं.

पण ज्याच्याकडे शंभर-दोनशे नाही, तर लाख-लाख मेंढ्या आहेत आणि एकेका मेंढीच्या अंगावर दोन-तीन किलो लोकर आहे, त्यानं काय करायचं? हा प्रश्न सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांपुढे उभा होता. त्याचं उत्तर शोधण्यात ज्यानं उमेदीची वीस वर्षे घातली, त्याचं नाव फ्रेडरिक यॉर्क वुल्सली. न्हाव्याच्या दुकानात केस कापायचं मशीन असतं ना, त्याच जातीचं, पण मेंढीसाठी आणि इंजिनावर चालणारं हातयंत्र त्यानं उभं केलं. हातात धरून वापरायची आणि बाहेरच्या शक्तीवर चालणारी जी यंत्रे आज आपण पाहतो, त्यात ड्रिल आलं, झाड कापायची करवत आली, गवत कापायचं यंत्र आलं. त्यांच्या आधीच्या पिढीतलं हे यंत्र. आणि ते एका शेतकऱ्याच्या गरजेतून निघालं, म्हणून त्याची हकिकत आपण समजून घ्यायला हवी.

सतराव्या वर्षी परदेशी

वुल्सलीचा जन्म १६ मार्च १८३७ रोजी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या किंग्जटाऊन गावी झाला. वडील इंग्रजी फौजेत मेजर होते. थोरला भाऊ गार्नेट हाही फौजेत गेला. १८५७ च्या उठावात लखनौच्या लढाईत तो होता आणि पुढे तो इंग्रजी सैन्याचा सरसेनापती झाला. धाकट्या फ्रेडरिकनं मात्र वेगळी वाट धरली. १८५४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो जहाजानं ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न बंदरात उतरला.

त्या वेळी तिकडे सोन्याच्या खाणींचा बोलबाला होता. जो उतरेल तो कुदळ-फावडं घेऊन खाणीकडे पळत होता. हा पोरगा मात्र मरे नदीकाठच्या थूल नावाच्या मेंढ्यांच्या रानात शिकाऊ म्हणून राहिला. रान म्हणजे आपल्यासारखं दहा-वीस एकराचं शेत नव्हे बरं का. हजारो एकरांचा माळ, कुंपण, विहिरी आणि मध्ये एक लांबलचक कातरणीची शेड. तिथे त्यानं घोड्यावर बसून मेंढ्या राखल्या, आजारी मेंढी ओळखायला शिकला, लोकरीची प्रत कशी ठरते ते शिकला. पुढे थूल आणि शेजारच्या कोब्रान या रानांत त्याची भागीदारी झाली. १८७६ साली त्यानं न्यू साउथ वेल्स प्रांतात वॉलगेट गावाजवळ युरोका नावाचं रान घेतलं. त्याचं यंत्र पुढे याच रानात आकाराला आलं.

म्हणजे हा माणूस कारखानदार नव्हता, शिकलेला इंजिनिअरही नव्हता. मेंढ्या पाळणारा होता. अडचण त्याच्या स्वतःच्या शेडमधली होती.

कातरणीची अडचण नेमकी काय होती

ऑस्ट्रेलियातली मुख्य मेंढी मेरिनो. तिची लोकर दाट, बारीक आणि मेणचट. कातडीला घड्या असतात. या लोकरीवर तिकडचं सगळं अर्थकारण उभं होतं. १८९० चं दशक सुरू झालं तेव्हा तिथल्या मेंढ्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली होती.

कातरणी करायला टोळ्या येत. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या जशा कारखान्यामागून कारखाना फिरतात, तसे हे कातरणारे शेडमागून शेड फिरत. मजुरी नगावर, साधारण शंभर मेंढ्यांमागे एक पौंड. कातर स्वतःची, धार स्वतः लावायची. हंगाम काही महिन्यांचा. त्यात पाऊस लागला तर ओली मेंढी कातरता येत नाही, काम बंद.

नगावर मजुरी म्हटल्यावर माणूस घाई करणारच. घाईत कातर कातडीला लागून बसत नाही. मग अंगावर लोकरीच्या पायऱ्या राहतात. राहिलेली लोकर काढायला पुन्हा कातर फिरवली की आखूड तुकडे निघतात, आणि आखूड लोकरीला भाव नाही. कातडी कापली गेली तर मेंढीचं नुकसान वेगळं. एका मेंढीमागे पाव किलो लोकर अंगावर राहिली, तर लाख मेंढ्यांमागे पंचवीस हजार किलो होते. हा हिशेब मालकाला झोपू देत नव्हता.

वीस वर्षांची खटपट

यंत्रानं कातरावं ही कल्पना एकट्या वुल्सलीची नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. १८६८ साली मेलबर्नमधल्या हायॅम नावाच्या माणसानं अशा यंत्राचं पेटंट घेतलेलं होतं. पण कागदावर हक्क मिळणं वेगळं आणि शेडमध्ये, मेणचट लोकरीत, हलत्या मेंढीवर यंत्र चालणं वेगळं. ते काही घडलं नाही.

वुल्सलीच्या डोक्यात हा विषय शिरला तो याच सुमारास. १८७२ पर्यंत त्याच्याकडे एक चालतं नमुनायंत्र तयार झालं होतं. त्यानंतर तो दोन वर्षे इंग्लंड-आयर्लंडला जाऊन आला. परत आल्यावर पुन्हा तेच काम. रॉबर्ट सॅव्हेज नावाचा जोडीदार त्याला मिळाला आणि २८ मार्च १८७७ रोजी दोघांच्या नावे पेटंट मंजूर झालं.

आता इथे आपण थोडं थांबू. पेटंट म्हणजे काय, तर नव्या वस्तूची सगळी माहिती सरकारदरबारी उघड करायची आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे ती वस्तू बनवायचा, विकायचा हक्क फक्त आपल्याकडे ठेवायचा. त्या काळी ही मुदत साधारण १४ वर्षांची असे. ऑस्ट्रेलिया तेव्हा एक देश नव्हता, वेगवेगळ्या वसाहती होत्या आणि प्रत्येक वसाहतीचं पेटंट वेगळं. देशभर चालणारा एकच पेटंट कायदा तिथे १९०३ साली झाला आणि १९०४ पासून अमलात आला. म्हणजे एका यंत्राच्या रक्षणासाठी चार-पाच ठिकाणी खर्च आणि हेलपाटे.

दुसरी गोष्ट अशी, की पेटंटचं घड्याळ मंजुरीपासून चालू होतं. यंत्र विकायला तयार आहे की नाही, याची ते वाट पाहत नाही. १८७७ चं पेटंट धरलं तर १४ वर्षे १८९१ ला भरतात. आणि यंत्रानं एक अख्खी शेड पहिल्यांदा कातरली ती १८८८ साली. मुदतीतली अकरा वर्षे सुधारणा करण्यातच गेली. म्हणूनच वुल्सली आणि सॅव्हेज यांनी डिसेंबर १८८४ मध्ये सुधारित यंत्राचं नवं पेटंट घेतलं. सुधारणा खरी आणि नवी असेल तर तिचा हक्क वेगळा मिळतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

याच काळात जॉन हॉवर्ड नावाचा बर्मिंगहॅमचा एक कारागीर तिकडे आला होता. त्यानं घोड्याचे केस कापायच्या मशीनवर स्वतःचं डोकं चालवलेलं होतं. वुल्सलीपुढे दोन वाटा होत्या. एक, त्याच्याशी भांडायचं. दुसरी, त्याला जवळ करायचं. त्यानं हॉवर्डचे हक्क पैसे देऊन विकत घेतले आणि त्याला युरोकावर कामाला ठेवलं. यंत्राच्या हातात धरायच्या भागाला पुढे जी सफाई आली, तिच्यात हॉवर्डचा मोठा वाटा आहे.

यंत्र कसं चालतं

पिठाच्या गिरणीत आपण पाहिलंय, इंजिन एका बाजूला, वर लांब शाफ्ट आणि त्यावरून पट्टा खाली येतो. कातरणीच्या शेडमध्येही तसंच. शेडच्या एका टोकाला वाफेचं इंजिन. माणसांच्या डोक्यावरून शेडभर जाणारा एक शाफ्ट. प्रत्येक कातरणाऱ्याच्या जागी त्या शाफ्टवरून गती घेऊन खाली लोंबणारी एक सांधेदार नळी. नळीच्या टोकाला हातात मावेल असं यंत्र, त्याला तिकडे हँडपीस म्हणतात.

या हँडपीसमध्ये पुढे दोन भाग. खाली लोखंडी फणी, ती हलत नाही. तिच्यावर दातेरी पातं, ते डावीकडून उजवीकडे भराभर सरकतं. फणीचे दाते लोकरीत शिरून केस उभे धरतात आणि वरचं पातं ते कापतं. फणी कातडीला टेकून चालते, त्यामुळे कापणी मुळापासून आणि एकसारखी होते. पातं फणीवर किती दाबायचं ते एका चाकीनं कमी-जास्त करता येतं. दाब जास्त झाला तर यंत्र तापतं, कमी झाला तर लोकर चावल्यासारखी ओढली जाते.

ऐकायला सोपं वाटतं. मग वीस वर्षे कशाला लागली? खरी अडचण पात्यात नव्हती, ती गती हातापर्यंत आणण्यात होती. शाफ्ट वर जागच्या जागी फिरतो. खाली माणसाचा हात मात्र मेंढीच्या पोटावरून मानेकडे, मानेवरून पाठीकडे, सतत वळतो. प्रत्येक वळणावर गती तुटता कामा नये, नळीला पीळ पडता कामा नये आणि मनगटावर ओझं येता कामा नये. सगळीकडे वळणारा, तरीही गती पुढे देणारा सांधा हा १८८४ च्या पेटंटचा जीव होता. आज आपल्या ट्रॅक्टरच्या पीटीओला जो दुसांध्यांचा शाफ्ट असतो, तो वळणावरही फिरत राहतो ना, तसंच काम हातात मावेल इतक्या लहान आकारात करायचं होतं. तेही घोड्यावरून चार-चार दिवसांच्या वाटेवर असलेल्या रानात, जिथे एक स्क्रू हरवला तरी शहरातून मागवावा लागे.

शर्यत गेली, पण लोकर जास्त निघाली

यंत्र तयार झालं, पण मालकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८८५ च्या सुमारास मेलबर्नला लोकरीच्या एका मोठ्या गोदामात जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं गेलं. एका बाजूला डेव्ह ब्राऊन हा हातकातरीचा नावाजलेला कातरणारा. दुसऱ्या बाजूला यंत्र घेऊन हसन अली, वुल्सलीचा माणूस. बघायला मेंढपाळ, व्यापारी आणि वर्तमानपत्रवाले.

काय झालं? ब्राऊन आधी संपवून मोकळा झाला. वेळेच्या शर्यतीत यंत्र हरलं. एखादा असता तर तिथेच यंत्र गुंडाळून घरी गेला असता. पण त्यानंतर हसन अलीनं ब्राऊननं कातरलेल्या मेंढ्या घेतल्या आणि त्यांच्यावरून यंत्र फिरवलं. ज्या मेंढ्या सगळ्यांनी पूर्ण झाल्या म्हणून मानल्या होत्या, त्यांच्या अंगावरून पुन्हा लोकर निघाली. ती बाजूला काढून सगळ्यांना दाखवली.

मालकांना जे समजायचं ते तिथे समजलं. आपण घड्याळाकडे बघत होतो, वजनाच्या काट्याकडे बघायला हवं होतं. कृषी प्रात्यक्षिकं घेणाऱ्या आम्हा मंडळींनाही यातून शिकण्यासारखं आहे. नवं अवजार किती वेगानं चालतं हे सांगून शेतकरी वळत नाही. जुन्या पद्धतीत त्याचं काय वाया जातंय, ते त्याच्याच रानात, त्याच्याच डोळ्यांसमोर मोजून दाखवावं लागतं.

डनलॉपची शेड, १८८८

१८८७ साली सिडनीत वुल्सलीच्या नावानं मेंढी-कातर यंत्रांची कंपनी निघाली. ठिकठिकाणी, अगदी न्यूझीलंडपर्यंत प्रात्यक्षिकं झाली. मग सॅम्युअल मॅककॉगी नावाचा एक बडा मेंढपाळ पुढे आला. डार्लिंग नदीकाठी लाउथ गावाजवळ त्याचं डनलॉप नावाचं रान होतं. तिथल्या शेडमध्ये चाळीस कातरणाऱ्यांसाठी चाळीस यंत्रे बसवली गेली.

कातरणारे आले, यंत्रे पाहिली आणि अडून बसले. यंत्राला हात लावणार नाही म्हणाले. त्यांना दोष देऊन चालणार नाही. ज्या कातरीवर पोट चालत होतं, जिची धार लावायला शिकायला वर्षे गेली होती, ती बाजूला ठेवायला सांगितली होती. नव्या यंत्रावर पहिल्या दिवशी किती मेंढ्या होतील, मजुरी पडेल का, उद्या कोणीही नवशिका येऊन आपल्या जागी उभा राहील का, ही भीती खरी होती. १८८६ साली कातरणाऱ्यांची संघटना उभी राहिली होती. १८९१ साली क्वीन्सलँड प्रांतात त्यांचा मोठा संप झाला. तो संप यंत्राविरुद्ध नव्हता, कराराच्या आणि संघटनेच्या हक्काचा होता. पण मालक-मजुरांमधला ताण किती होता, ते त्यावरून कळतं. आपल्याकडे ऊसतोडणी यंत्र शिवारात शिरलं, तेव्हा टोळीच्या मनात जे येतं तेच त्यांच्या मनात आलं.

काही आठवडे असे खोळंब्यात गेले. शेवटी माणसं यंत्रापुढे उभी राहिली आणि कातरणी सुरू झाली. हंगाम संपला तेव्हा सुमारे १ लाख ८४ हजार मेंढ्या यंत्रानं कातरून झाल्या होत्या. एक संपूर्ण शेड यंत्रावर पार पडली, अशी ही पहिली वेळ. त्याच वर्षअखेर आणखी १८ शेडमध्ये यंत्रे बसली.

हातकातरीचा उस्ताद

यंत्र आलं म्हणून हाताची कसबी माणसं लगेच मागे पडली असं समजू नये. क्वीन्सलँडमध्ये जॅकी हाव नावाचा कातरणारा होता. १० ऑक्टोबर १८९२ रोजी ॲलिस डाउन्स या रानात त्यानं हातकातरीनं ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. त्याच वर्षी त्यानं यंत्रही हातात घेतलं आणि दिवसात २३७ मेंढ्या केल्या. म्हणजे त्याचा स्वतःचा हातकातरीचा आकडा यंत्रापेक्षा वरचढ. ३२१ चा हा विक्रम यंत्रानं मोडायला १९५० साल उजाडलं. तेव्हा टेड रीक नावाच्या कातरणाऱ्यानं यंत्रावर ३२६ मेंढ्या केल्या.

मग यंत्राचा फायदा काय झाला? जॅकी हाव हजारात एखादा असतो. शेड चालते ती मध्यम हाताच्या माणसांवर. यंत्रानं मध्यम हाताचा माणूसही मुळापासून, एकसारखी, लांब लोकर काढू लागला. मेंढीला जखमा कमी झाल्या. नवशिका लवकर तयार होऊ लागला. नवशिका लवकर तयार होतो हे मालकाला सोयीचं आणि जुन्या मजुराला जाचक, हेही तितकंच खरं. यंत्राच्या हिशेबाला या दोन्ही बाजू असतात.

यंत्रातून निघाली मोटार

१८८९ साली कंपनीचा कारभार लंडनच्या नव्या कंपनीकडे गेला आणि कारखाना इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला चालू लागला. वुल्सली तिचा व्यवस्थापकीय संचालक होता. कंपनीच्या सुरुवातीच्या काळातच एक तरुण तिच्याशी जोडला गेला, हर्बर्ट ऑस्टिन. १८६६ साली जन्मलेला हा इंग्रज पोरगा मेलबर्नच्या कारखान्यांत काम शिकला होता. रानात जाऊन यंत्रे चालताना पाहायची, कुठे मोडतात ते पाहायचं आणि परत येऊन भाग सुधारायचा, अशी त्याची रीत होती. त्याच्या सुधारणांचे हक्क कंपनीनं घेतले आणि बदल्यात त्याला भाग दिले. १८९३ साली त्याला बर्मिंगहॅमच्या कारखान्याचा कारभार पाहायला पाठवलं.

तिथे त्याला कळलं, की बाहेरून करवून घेतलेले काही भाग कच्चे आहेत आणि त्यामुळे यंत्रे बदनाम होत आहेत. मग कंपनीनं अशी यंत्रे परत घेतली आणि भाग स्वतः बनवायला सुरुवात केली. अवजार विकून मोकळं होणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

कातरणीचा धंदा हंगामी. वर्षातले बरेच महिने कारखान्याला काम कमी. म्हणून ऑस्टिननं सायकलीचे भाग, यंत्रांची हत्यारं असं काम घेतलं आणि १८९५-९६ च्या सुमारास तीन चाकांची एक मोटारगाडीही बनवली. १९०१ साली मोटारीचा धंदा व्हिकर्स या बड्या कंपनीकडे गेला आणि वुल्सली नावाच्या गाड्या निघू लागल्या. ऑस्टिन १९०५ साली बाहेर पडला आणि त्यानं स्वतःच्या नावाचा मोटार कारखाना काढला. वुल्सली हे नाव मोटारींवर १९७५ पर्यंत टिकलं. गंमत अशी की ज्याच्या नावानं गाड्या धावल्या, त्यानं मोटारीचा एक भागही बनवला नव्हता. त्याचं सगळं आयुष्य मेंढी आणि कातर यांतच गेलं.

शेवटची वर्षे

वुल्सलीची तब्येत खालावत गेली आणि १८९४ साली त्यानं कंपनीचं पद सोडलं. कर्करोगानं त्याला गाठलं. ८ जानेवारी १८९९ रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ६१. सरसेनापती भावाच्या लढायांची पानं इतिहासात भरपूर आहेत, या भावाची पानं थोडी. पण आजही जगात कुठेही यंत्रानं मेंढी कातरली जाते, तेव्हा खाली स्थिर फणी, वर सरकतं पातं आणि सगळीकडे वळणारा सांधा हीच रचना असते. शाफ्टच्या जागी विजेची मोटर आली, एवढाच काय तो मोठा फरक.

आपण यातून काय घ्यायचं

आपल्या जिल्ह्यातही गावोगाव डोकं चालवणारी माणसं आहेत. कोणी सायकलच्या चाकाचं कोळपं करतं, कोणी जुन्या मोटारसायकलला फण जोडतं, कोणी पाठीवरच्या पंपाला नवा नोझल बसवतं. गावातला लोहार आणि वेल्डर हे आपले हॉवर्ड आणि सॅव्हेज आहेत. पण बहुतेक वेळा काय होतं? अवजार चांगलं निघालं की माणूस ते आनंदानं मेळाव्यात, प्रदर्शनात मांडतो. बघणारे फोटो काढून नेतात. सहा महिन्यांत तेच अवजार दुसऱ्याच्या नावानं बाजारात येतं आणि मूळ माणूस हात चोळत बसतो. म्हणून काही मुद्दे इथे साध्या शब्दांत देतो.

पहिला मुद्दा, आधी अर्ज आणि मग प्रदर्शन. वस्तू लोकांत उघड झाली की तिचं नवेपण संपतं आणि पेटंट मिळणं अवघड होतं. काही सरकारमान्य प्रदर्शनांना यात सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा आहे. सुरुवातीला तात्पुरता तपशील देऊन अर्जाची तारीख पक्की करता येते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा लागतो. यंत्र अजून पक्कं झालेलं नसताना ही सोय फार उपयोगी आहे. वुल्सलीला आज अर्ज करायचा असता, तर त्यानं ती नक्की वापरली असती.

दुसरा मुद्दा, मुदतीचा. आज आपल्या देशात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे आणि हक्क फक्त आपल्या देशापुरता असतो. ठरलेल्या वर्षांची नूतनीकरण फी भरली नाही तर तो मधेच संपतो. म्हणजे पेटंट घेऊन कपाटात ठेवलं, तर फायदा काहीच नाही.

तिसरा मुद्दा, कशाला पेटंट मिळतं आणि कशाला नाही. शेती करण्याच्या किंवा बागायतीच्या पद्धतीला मिळत नाही. म्हणजे पेरणीचं नवं अंतर शोधलं तर त्याचं पेटंट नाही. पण त्या अंतरानं पेरणारं नवं यंत्र केलं, तर त्याचा विचार होतो. बियाण्याच्या वाणासाठी पेटंट नाही, त्याच्यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा वेगळा आहे.

चौथा मुद्दा, मदतीचा. पेटंट कार्यालयाची एक शाखा मुंबईत आहे. ग्रामीण संशोधकांना हात देण्यासाठी २००० साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही संस्था सुरू झाली. तिचं काम गुजरातमधून चालतं. शिक्षण नसलेल्या शेतकऱ्याच्या कल्पनेलाही पेटंट मिळवून द्यायला ती मदत करते. ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक मंडळींना विनंती आहे, की गावात असं काही दिसलं तर त्या माणसाला आधी गप्प राहायला सांगा, तारीख घालून चित्र आणि माहिती वहीत लिहून घ्यायला सांगा आणि योग्य ठिकाणी पोचवा. शंभर टक्के यश मिळेल असं नाही, पण निदान त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही.

आणि शेवटचा मुद्दा, जोडीदाराचा. वुल्सलीनं सॅव्हेजचं नाव पेटंटवर आपल्या नावाशेजारी ठेवलं. हॉवर्डचे हक्क पैसे मोजून घेतले. एकट्यानं सगळं केलं असा आव आणला नाही. आपल्याकडे शेतकरी कल्पना देतो, वेल्डर ती लोखंडात उतरवतो आणि नंतर दोघांचं फाटतं. सुरुवातीलाच कोणाचा किती वाटा ते कागदावर लिहून, दोघांनी सह्या करून ठेवलं तर हे टळतं. पुढच्या हंगामाआधी ज्यांच्या खळ्यात असं एखादं अर्धवट यंत्र पडून आहे, त्यांनी एवढं तरी जरूर करावं.